बोटीवरची बाळखोली

मुंबई बंदर,
१० डिसेंबर १९६७

हिरू,

पत्र तुझ्या दादांच्या हाती पडलं तर पडू दे. सासऱ्यापासून लपवावं असं यात काही नाही. पण वाच मात्र तू. चौथी पास झालेली आहेस, माझं अक्षर तुला लागतं.

मी बोटीवर कामाला लागलो. आपल्या साजगावचा गजा चार वर्षं बोटीवर आहे, त्यानं साहेबाला सांगून मला चिकटवलं. कपड्यांच्या खात्यात काम आहे. परवा सकाळी बोट सुटेल ती संक्रांतीच्या सुमाराला, चौदा जानेवारीला परत मुंबईला लागेल. मधे आफ्रिकेतलं मोंबासा आणि पुढं मॉरिशस नावाचं बेट.

बोट काय चीज आहे ते तुला कसं सांगू? कर्जत स्टेशनचा फलाट घे. तो उचलून पाण्यावर ठेव. त्याच्यावर माडीवर माडी, अशा सात माड्या चढव. पहिल्याच दिवशी मी आत तीनदा हरवलो. खाली इंजिनाच्या खोलीत डोकावलो, तर घाट चढवणारी आपली इंजिनं तिच्यापुढं खेळणी. आणि एवढं सगळं लोखंड तरंगतं, हिरू! मी धक्क्यावर उभा राहून नुसता बघत होतो. हमाल म्हणाला, "बाजूला हो रे, पहिल्यांदा बघतोस काय?" मी म्हणालो, हो.

यातले उतारू कुठं कामाधंद्याला जात नाहीत. सहलीला जातात. समुद्र बघायचा, खायचं, नाचायचं, आणि पुन्हा मुंबईलाच उतरायचं. मी गजाला विचारलं, "मग जायचं कशाला रं?" तो म्हणाला, "परत याया."

तुला माहेरी जाऊन पाच महिने झाले. भाताच्या आवणीच्या दिवशी जया बांधाखालच्या पाण्याच्या चरीत पडली, माझ्या आईनं तिला बाहेर काढलं, पोर वाचली. त्याच संध्याकाळी तू तिला उचलून पळसदरीला गेलीस. बैल सुटला म्हणून मी तिच्याजवळून उठलो होतो, हे मी आईला सांगितलं, तुला सांगितलं, दादांनाही सांगितलं. तेच पुन्हा लिहीत नाही.

जयाची खुशाली कळव. कंपनीच्या हापिसाचा पत्ता मागं लिहिला आहे. उत्तर नाही आलं तरी मी लिहीनच.

मालोजी


समुद्रावर,
१६ डिसेंबर

हिरू,

चार दिवस झाले, जमीन नाही. पहिले दोन दिवस मी आडवाच होतो, पोटात पाणी ठरेना. तिसऱ्या दिवशी वर आलो आणि कठडा धरून उभा राहिलो तो खाली जायला विसरलो.

आपल्याकडं कुठंही तोंड करून उभं राहा, डोंगर आडवा येतोच. इकडं माथेरान, तिकडं घाट. मला वाटायचं, जग असंच असतं, चारी बाजूंनी बांध घातलेल्या खाचरासारखं. इथं बांधच नाही. नजर जाते, जाते, आणि शेवटी दमून परत येते. काल सकाळी हाताएवढे मासे पाण्यातून उठले आणि चिमण्यांच्या थव्यासारखे उडत गेले. मासे, हिरू! मी शेजारच्या माणसाचा दंड धरून ओरडलो, "ते बघा, ते बघा!" तो साहेब निघाला. पण त्यालाही नवल वाटलं, त्यामुळं रागावला नाही.

आता एक खरं सांगतो. कपड्यांचं खातं म्हणालो ते खोटं नाही, पण कपडे कुणाचे ते लिहिलं नव्हतं. पोरांचे लंगोट आहेत. रोजचे दीडशेच्या घरात. हसतेस ना? हस.

बोटीवर पोरांसाठी वेगळी खोली आहे. तिला सगळे बाळखोली म्हणतात. आईबाप सकाळी न्याहारी झाली की पोरांना तिथं आणून सोडतात. पोराच्या पायात नंबराचा बिल्ला बांधायचा, तोच नंबर आईच्या हातात. बारा वाजता बिल्ला दाखवून पोर परत न्यायचं, तीनला पुन्हा आणायचं, सहाला न्यायचं. अंगावर पिणाऱ्यांच्या आया मधे येऊन पाजून जातात. मला आधी हे स्टेशनवर सामान ठेवल्यासारखं वाटलं. आता वाटत नाही. खोलीत बारा पाळणे आहेत, पाय जमिनीला खिळवलेले, चहूबाजूंनी उंच कठडे. त्यांना दोरी नाही. समुद्रच झोका देतो. एकदम बाराच्या बारा. बारा पोरं एका लयीत झुलताना बघितलीस तर तूही दारातच थबकशील. चालत्या पोरांसाठी बाहेर डेकवर जाळी लावलेलं अंगण आहे, त्याला फाटक आहे.

खोली सांभाळणाऱ्या नर्सबाईंचं नाव रिबेकाबाई झिराडकर. आपल्याच कुलाबा जिल्ह्यातल्या, अलिबागकडच्या. आपले म्हातारे ज्यांना शनवारतेली म्हणतात ना, त्यातल्या, इस्रायली, म्हणजे ज्यू. केस पांढरे, आवाज असा की चालतं पोर जागीच बसतं. त्यांच्या हाताखालची आया बोट लागून आजारी पडली, अजून उठली नाही.

परवा मी मळके लंगोट न्यायला दारात गेलो. बाईंच्या एका खांद्यावर एक पोर, दुसऱ्यावर दुसरं, तिसरं खाली लोळून रडतंय. बाई म्हणाल्या, "उभा काय राहिलास? उचल तिला."

मी म्हणालो, "बाई, मी धुण्याचा माणूस."

"हात आहेत ना? उचल. अरे, मान धर, मान! भाताची पेंढी आहे का ती?"

मी उचललं. पाच महिन्यांची मुलगी होती, हिरू. तिनं रडता रडता माझं बोट पकडलं आणि गप झाली. मला जागचं हलता येईना. एवढीशी मूठ, पण पकड अशी की दोर सुटेल, ती सुटणार नाही. तास दीड तास मी तसाच उभा होतो. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुला मूल आहे?"

"एक मुलगी आहे. चौदा महिन्यांची."

"दात किती आले?"

मी म्हणालो, चार.

मला माहीत नव्हतं. तोंडाला आला तो आकडा ठोकून दिला.

मालोजी


समुद्रावर,
२१ डिसेंबर

हिरू,

उद्या मोंबासा लागेल. मागचं पत्र आणि हे, दोन्ही तिथं टाकीन, विमानानं येतील.

आता मी अर्धा दिवस धुण्यात आणि अर्धा बाळखोलीत असतो. गजा चेष्टा करतो, "मालू, लुगडं नेस की." करू दे. मी तिथं बघतो ते त्यानं बघितलेलं नाही.

रडणं चार तऱ्हेचं असतं, तुला माहीत होतं? तुला असेलच, मला नव्हतं. भुकेचं थांबून थांबून येतं. झोपेचं नाकातून येतं. दुखण्याचं एकदम उंच जातं आणि मग श्वास अडकल्यासारखं होतं. आणि चौथं नुसतंच, कुणीतरी आहे का हे विचारायचं. बाई म्हणाल्या, "चौथ्याला औषध नाही. नुसतं 'आहे मी' म्हणायचं." मी म्हणून बघितलं. तीन नंबरचा पाळणा लगेच गप. आठ दिवसांमागं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

एका आठ महिन्यांच्या पोरानं काल चमचा खाली टाकला. मी उचलून दिला. त्यानं पुन्हा टाकला. असं वीस वेळा. मी वैतागलो, तर बाई म्हणाल्या, "तो खोड्या काढत नाहीये. वस्तू दिसेनाशी झाली तरी असते की नाही, ते तपासतोय." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. खरंच तसं. चमचा वर आला की डोळे असे मोठे व्हायचे, जसा काही देव परत आला. मग मी आणखी वीस वेळा उचलला.

समुद्र खवळला की मोठी माणसं भिंती धरून चालतात आणि तरी पडतात. नवीन चालायला लागलेली पोरं पडत नाहीत. बोट झुकली की तीही झुकतात, बोट सरळ झाली की सरळ. कुणी शिकवलं असेल?

बाईंनी मला आणखी एक काम दिलंय. संध्याकाळी सात ते नऊ उतारू जेवायला आणि गाणंबजावणं ऐकायला वर जातात. पोरं खाली आपापल्या खोलीत निजलेली असतात. तेव्हा मी बोळातून फिरायचं, एकेका दाराशी उभं राहून कान द्यायचा. कुणी रडलं तर पाटीवर नंबर लिहून वर पाठवायचा, आई उतरून येते. चाळीस दारं आहेत. कुठं घोरणं, कुठं खोकला, कुठं पोर झोपेतच हसतं. झोपेत हसलेलं ऐकलंयस ना तू? मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. एकोणतीस नंबरच्या दाराशी. मी तिथंच बसून राहिलो.

बाई म्हणतात, माझा कान चांगला आहे.

 तुला आज याच्यापुढं लिहीत नाही.

जया चालते का?

मालोजी


समुद्रावर,
२७ डिसेंबर

हिरू,

मोंबासात दोन दिवस होतो. बोटीवरच पहिलं पाऊल टाकलेलं एक पोर बापानं धक्क्यावर उभं केलं, तर ते धपकन बसलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसलं. आईबाप घाबरले. बाई हसून म्हणाल्या, "काही झालं नाहीये. जमीन हलत नाही याचं त्याला नवल वाटतंय." हे तुला हसायला लिहिलं. पुढचं हसण्यासारखं नाही.

काल दुपारी वरच्या डेकवर उतारूंचे खेळ होते, म्हणून बाळखोली दोनलाच उघडली. एका शेठजींच्या घरची मंडळी आहेत, त्यांची स्वतःची आया बरोबर आहे, ठकूबाई. घाटावरची, साठीच्या आसपासची, गरीब स्वभावाची. दोन वाजता ती सहा महिन्यांचा मुलगा निजलेलाच घेऊन आली आणि पाच नंबरच्या पाळण्यात ठेवून गेली. म्हणाली, "शांत हाय, त्रास देनार न्हाई."

साडेतीनला बाकीची पोरं उठली. हा उठला नाही. चारला मी त्याच्या तळव्याला बोट लावलं. पाय ओढून घेतला नाही. मी बाईंना हाक मारली. त्यांनी त्याची पापणी वर केली आणि त्यांचा चेहराच बदलला. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पळ."

मी वरच्या माड्या कसा चढलो ते मला आठवत नाही. डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली. मग आम्ही तिघं. बाई त्याचे तळवे चोळत होत्या. डॉक्टर छातीला नळी लावून बसले होते. मला म्हणाले, "तू श्वास मोज. मोठ्यानं. थांबला तर सांग." मी मोजत होतो. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट. कधी कधी इतका वेळ लागायचा, की माझाच अडकायचा. तेवढ्याशा छातीत, तळहाताएवढ्या, श्वास जातो आणि येतो, आणि त्याच्यावर सगळं जग टांगलेलं असतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. वर बँड वाजत होता. त्याची आई वर खेळात होती. तिला कुणीतरी आणलं. ती दारातच उभी राहिली.

सहाच्या सुमाराला त्यानं ओठ वाकडे केले. मग एक बारीक आवाज. मग रडला. असा रडला, की पाळण्यातली सगळी दचकली आणि अकराच्या अकरा त्याच्याबरोबर रडायला लागली. डॉक्टर म्हाताऱ्या माणसासारखे मटकन खाली बसले. बाई एरवी कुणाच्या देखत देवाचं नाव घेत नाहीत, त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि त्यांच्या प्रार्थनेच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. हिरू, समुद्र बघून मी तोंडात बोट घातलं होतं. त्या रडण्यापुढं समुद्र काही नाही.

ठकूबाईच्या कनवटीला डबी निघाली. अफूच्या गोळ्या, मोहरीएवढ्या. शेठ तिला मारायलाच धावले. ती पाया पडत होती. "रोज येकच देते वो. आज लई किरकिर करत व्हता म्हून दोन दिल्या. माझी पाची पोरं ह्याच्यावरच वाढली. रानात निंदायला जायाचं, पोर बांधावर टाकायचं. न्हाई तर काम कसं व्हायाचं?"

बाई मधे पडल्या. म्हणाल्या, "शेठ, हात खाली करा. तुम्ही हिला मूल सांभाळायला ठेवलीत, की गप ठेवायला? ती जे शिकली ते तुमच्याआमच्यासारख्यांच्या कामासाठीच शिकली."

शेठनी हात खाली केला. डबी बाईंनी स्वतः समुद्रात टाकली.

मुलगा आज बरा आहे. दूध प्याला. मी त्याला तीन वेळा उगाचच बघून आलो.

मालोजी


मॉरिशसच्या अलीकडं,
३० डिसेंबर

हिरू,

हे पत्र दादांना वाचू द्यायचं की नाही ते तू ठरव.

त्या दिवशी पोर रडल्यावर माझे हातपाय थरथरायला लागले ते थांबेनात. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "पोर तर वाचलं. मग तू अजून कशाला कापतोयस?"

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मी काय तुझी बायको आहे?"

म्हणून लिहितो.

बैल सुटला नव्हता.

तू आणि आई खाचरात उतरलात. जयाला तू माझ्याजवळ दिलीस आणि म्हणालीस, "येवढी ओळ लावून होईस्तोवर धरा." मी बांधावर इरलं पांघरून तिला मांडीवर घेऊन बसलो. ती निजलेली होती. पलीकडच्या बांधावरून पदू आणि विठू ओरडले, "काय रं माल्या, पाजतोस का काय?" सगळे हसले. बायकाही हसल्या. तू पाठमोरी होतीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला इरल्याखाली बांधावर ठेवली आणि त्यांच्यात जाऊन बसलो. विडी ओढली. एक नाही, दोन. त्यांच्याबरोबर हसलो. मी तुझ्याकडं आणि तिच्याकडं पाठ करून बसलो होतो, मुद्दाम. बघितलं असतं, तर ते पुन्हा हसले असते.

मग आईची किंकाळी ऐकली. वळून बघितलं तर आईच्या हातात जया. चिखलानं भरलेली, मान लोंबणारी.

ती रडली नाही, हिरू. एवढं एकच मला कळत नाही. पंधरा हातांवर होतो. ती रडली असती, तर मला ऐकू आलं असतं. इथं चाळीस दारांआडचं मला ऐकू येतं. पाच महिने मी स्वतःला हेच सांगत आलो, की ती रडली नाही, रडली असती तर मी धावलो असतो. पण हे सांगून काही होत नाही. माझ्या मांडीवर असती, तर तिला रडायची पाळीच आली नसती.

मला वाटलं, हे ऐकून बाई मला खोलीतून काढतील. त्यांनी मला फाटकावर बसवलं. डेकवरच्या जाळीचं फाटक, चालती पोरं निसटायची तीच एक जागा. मी म्हणालो, "बाई, माझ्या हातून स्वतःची पोर निसटलीय." त्या म्हणाल्या, "म्हणूनच. तू आता पाठ करून बसणार नाहीस."

आज दिवसभर फाटकावर होतो. नऊ पोरं होती. समुद्र निळा, नुसता पसरलेला, आणि त्याच्यासमोर ही नऊ, गुडघ्याएवढी, आपल्याच नादात. एक पोरगी माझ्या पायाला टेकून उभी राहिली आणि बराच वेळ समुद्राकडं बघत होती. मी तिच्याकडं बघत होतो. मला वाटलं, जग उत्पन्न झालं तेव्हा कुणीतरी ते असंच बघितलं असेल.

मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तुला खरं कळावं एवढंच. आता तू जे ठरवशील ते.

मालोजी


पळसदरी,
११ जानेवारी १९६८

जयाच्या बाबांना,

तुमची पाची पत्रं मिळाली. पहिलं दादांनी वाचलं. बाकीची मी. मला लिवायची सवय नाय, चुका होतील. लिवते ते सगळं माजंच हाय, कुणी सांगितलेलं नाय.

जयाला दात आठ हायत. ती दिवाळीच्या आधीच चालाय लागली.

बैल सुटला नव्हता ते मला म्हायती होतं. बैल खुंट्याला होता, मी चिखलात उभी राहून बघितलेला. तुमी खोटं बोलला त्याचा मला जास्ती राग होता. पडल्याचा येवढा नाय.

ते घाटावरच्या बाईचं पत्र मी तीनदा वाचलं. डबीचं वाचलं, तवा माज्या हातातनं कागद पडला. माजी आई म्हणाली, काय झालं गं. मी तिला वाचून दाखवलं. ती पण खाली बसली.

आवणीच्या दिवशी सकाळी मी जयाला गोळी दिलेली. आईनं मला बाळंतपणानंतर डबी दिलेली, आवणीच्या वेळेला लागंल म्हणून. तुमच्या आईला, अंबूआत्यांना म्हायती नव्हतं, तुमाला पण नाय. दोन दिवस ती रात्रीची रडत होती, झोप नाय, आणि खाचर तर लावायचं होतंच. मी म्हणलं येक दिवस दिली तर काय होतंय. म्हणून ती तुमच्या मांडीवर निजलेली. म्हणून ती निजेतच घसरून पाण्यात गेली तरी रडली नाय.

तुमी विचारता ती रडली का नाय. म्हणून.

हे मी कुणालाच बोलले नाय. आईला अंदाज होता. ती बोलली नाय, मी बोलले नाय. सगळ्या गावानं तुमालाच बोल लावला आणि मी लावू दिला. इथं दादा लोकांना सांगायचे, जावयानं पोर पाण्यात सोडली. मी चुलीपुढं गप बसून ऐकायची. सहा महिने असं गेलं. रात्री तिच्या नाकापुढं हात धरून मी श्वास बघते अजून. तुमी बोटीवर मोजलात तसा.

काल मी डबी घेतली आणि चुलीत टाकली. आईनं अडवलं नाय. दादांना पण सगळं सांगितलं. ते रेल्वेच्या लाईनीवर कामाला जात होते, ऐकून तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "दोघं पण सारखीच येडी." आणि गेले. संध्याकाळी परत आले तवा म्हणाले, त्याला ये म्हणून लिव.

माजा राग हाय. लपवत नाय. लोक हसले म्हणून तुमी पोर खाली ठेवलीत, ते मी कशी इसरू? पण गोळीचा जो राग मी तुमच्यावर काढला, तेवढा परत घेते. उरलेला हाय तसा हाय.

तुमची पत्रं मी जयाला वाचून दाखवते. तिला कळत नाय. उडणारे मासे म्हणलं की ती वर बघते.

आता ती येक शब्द बोलते. "ये." तेवढाच. कोंबडीला म्हणते ये. घाट चढणाऱ्या इंजिनाला म्हणते ये. परवा मी तिला कडेवर घेऊन धरणाच्या भिंतीवर गेले. सहा महिन्यांत मी तिला पाण्याजवळ नेली नव्हती, मलाच धीर होत नव्हता. सकाळची येळ, सगळं पाणी चकाकत होतं. तिनं दोनी हात लांब केले आणि त्या येवढ्या पाण्याला म्हणाली, "ये."

 ज्या पाण्यानं तिला ओढून नेलं, त्यालाच बोलावते. तिच्या मनात काय पण ठेवलेलं नाय. मी तिथं उभी राहून तिच्याकडं बघत राहिले, ऊन डोक्यावर आलं तरी.

मी तुमाला ये म्हणत नाय. माज्यानं अजून म्हणवत नाय. ती म्हणंल.

चौदाला बोट लागंल ना. कर्जतहून दुपारची गाडी घ्या. ती दारातच असते.

हिरू